भाड्याच्या खोलीची फरशी : आधी खालचं बघा, मग वरचं

बोईसर : तारापूर औद्योगिक वसाहत नावाने तारापूरची असली तरी ती वसली आहे बोईसरला लागून. तिथे कामाला येणारा माणूस राहतो तो सरावली, खैरापाडा, सालवड, कुंभवली, पास्थळ, बेटेगाव अशा आसपासच्या गावांत. कोणाची चार खोल्यांची चाळ असते, कोणाचा स्टेशनजवळ जुना वन-आरके असतो. शेतीचे उत्पन्न पावसावर, पण भाडे दर महिन्याला हातात येते. त्यामुळे इथल्या अनेक कुटुंबांची खरी गुंतवणूक ही खोलीच आहे. एप्रिल 2013 पासून लोकल डहाणूपर्यंत धावू लागली, 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला, 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. बाहेरून माणूस येतच राहणार, तेव्हा जुनी खोली नीटनेटकी करून चांगल्या भाड्याने द्यावी, असा विचार घरोघरी होतो.

या दुरुस्तीत फरशीचा खर्च मोठा असतो आणि चूक झाली तर ती लपत नाही. मालक दुकानात जातो, चकचकीत दोन बाय दोनची टाइल पसंत करतो, मिस्त्री आठवड्यात काम उरकतो. दोन पावसाळे गेले की टाइल पायाखाली डबडब वाजते, कोपरे उडतात, मोरीचे पाणी शेजारच्या भिंतीत उतरते. भाडेकरू कुरकुर करतो आणि एक दिवस खोली सोडतो. मग दोष दिला जातो टाइलच्या कंपनीला. खरे तर फरशी बहुतेक वेळा वरून नाही, खालून बिघडते. म्हणून डिझाइन निवडण्याआधी खाली काय आहे, ते बघायला पाहिजे.

भातखाचरातली खोली

बोईसर-पालघर पट्ट्यातल्या अनेक चाळी जुन्या भातखाचरात भराव टाकून उभ्या आहेत. खाचराची माती पाणी धरणारी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरचा मुरूम नुसता ओतून सारखा केलेला असेल तर तो दोन-तीन वर्षे बसतच राहतो. भिंती पायावर असतात, त्या हलत नाहीत. फरशी मात्र भरावावर असते, ती खाली जाते. भिंतीच्या कडेला स्कर्टिंग आणि फरशी यांच्यात फट दिसू लागली, तर भराव बसतोय हे समजावे. अशा जमिनीवर कितीही महागडी टाइल लावली तरी ती फुटणारच.

तळमजल्याची खोली नव्याने करताना जुना भराव उकरून, थरा-थराने पाणी मारून धुम्मस करून घ्यावा. त्यावर दगडाचे सोलिंग, सोलिंगवर चारेक इंचाचा काँक्रीटचा थर, आणि मग फरशी. जमिनीतली ओल वर येत असेल तर काँक्रीटच्या खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरून घ्यावा, जोडावर तो एकमेकांवर चढलेला असावा. या सगळ्याचा खर्च झाकला जातो, कोणाला दिसत नाही. म्हणूनच मालक इथे हात आखडतात. पण भात लावायच्या आधी चिखलणी टाळून चालत नाही, तसेच हे आहे.

दुसरी गोष्ट रेतीची. खाडीची रेती खारी असते. ती न धुता वापरली तर मीठ ओलीबरोबर वर येते आणि जोडांतून पांढरा लोणा फुटतो. पुसला तरी पुन्हा येतो. एक तर धुतलेली रेती घ्यावी, नाही तर क्रश सँड वापरावी. क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी जास्त असेल तर माल कमजोर पडतो, म्हणून ती चाळून घ्यावी.

जुनी फरशी काढायलाच हवी का?

प्रत्येक वेळी नाही. जुन्या इमारतींत मोझॅक फरशी असते. ती डाग पडलेली, निस्तेज दिसते, पण तिच्या वरच्या थरात दगडाचे तुकडे असतात आणि तो घासून पुन्हा पॉलिश होतो. फरशी जागेवर घट्ट असेल, फार तुकडे उडालेले नसतील, तर मशीनने पाणी मारून घासणे हे नव्या फरशीपेक्षा कमी खर्चात आणि कमी दिवसांत होते.

दुसरा मार्ग जुन्या फरशीवरच केमिकलने नवी टाइल चिकटवण्याचा. तोडफोड वाचते, रॅबिट टाकायला टेम्पो करावा लागत नाही. पण त्याआधी लाकडी दांड्याने जुनी फरशी ठोकून बघावी. जिथे पोकळ आवाज येतो ती काढलीच पाहिजे. शिवाय जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते. त्यामुळे दरवाजे खालून कापावे लागतात, मोरीचा उंबरठा बुटका होतो आणि पाणी खोलीत येऊ लागते. वरच्या मजल्यावर स्लॅबवर वजनही वाढते. इमारत जुनी, स्लॅबची सळई दिसत असेल, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय फरशीवर फरशी चढवू नये.

कोणती टाइल कुठे

चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळणाऱ्या टाइलच्या गाड्या गुजरातमधल्या मोरबीहून येतात. देशातले टाइलचे सर्वात मोठे केंद्र तेच. दुकानात नावे पन्नास ऐकू येतात, पण मुख्य फरक पाणी पिण्याचा आहे.

भिंतीची सिरॅमिक टाइल वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त पाणी शोषते. ती नरम असते, जमिनीवर टिकत नाही. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते, म्हणून ती कडक आणि मजबूत. जमिनीसाठीच्या साध्या सिरॅमिक टाइल या दोन्हींच्या मधल्या. दुकानात ओळखायचे असेल तर टाइल उलटी करून पाठीवर चमचाभर पाणी टाकावे. पाणी लगेच आत गेले तर ती भिंतीची. तसेच राहिले तर व्हिट्रिफाइड.

व्हिट्रिफाइडमध्येही प्रकार आहेत. डबल चार्ज टाइलचा रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो. पलंग सरकवला, सिलिंडर ओढला, तरी ओरखड्याखाली तोच रंग दिसतो. जीव्हीटी टाइलवर छापील चित्र आणि वर काचेसारखा पातळ थर असतो. ती दिसायला देखणी, लाकडासारखी-संगमरवरासारखी मिळते. पण तो थर खरवडला की खालची टाइल दिसते. कामगारांची खोली असेल, चार-पाच जण एकत्र राहत असतील, पेट्या-सिलिंडर ओढले जात असतील, तर डबल चार्ज बरी. पालघर शहरात कुटुंबाला द्यायचा फ्लॅट असेल तर मॅट जीव्हीटी चालते.

चकचकीत टाइलचा मोह मात्र दोन्हीकडे टाळावा. इथल्या पावसाळ्यात चार महिने पाय ओले असतात. हवा दमट असली की गार फरशीला घाम येतो. गुळगुळीत टाइलवर म्हातारे माणूस, गरोदर बाई, रात्रपाळी करून आलेला कामगार घसरला तर भाड्याचे काय घेऊन बसलात! टाइल घसरडी आहे की नाही हे आर 9 ते आर 13 या आकड्यांनी सांगितले जाते. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. खोलीत मॅट पुरे, मोरी, संडास, गॅलरी आणि जिन्यात आर 10 किंवा आर 11 बघावी. बॉक्सवर आकडा नसेल तर नमुन्याच्या टाइलवर साबणाचे पाणी टाकून अनवाणी पाय घासून बघावा. दुकानदाराला त्यात गैर वाटण्याचे कारण नाही. फार खरबरीत टाइलही नको, तिच्यात मळ बसतो आणि निघत नाही.

रंगही विचाराने घ्यावा. पांढऱ्यावर तेलकट पाय उठून दिसतात, गडद काळ्यावर बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग. ठिपक्यांची राखाडी किंवा मातकट मध्यम छटा भाड्याच्या खोलीला सर्वात सोयीची. हीच छटा पुढे दुरुस्तीला जुळवतानाही सोपी जाते.

दगड आणि ॲसिड

चाळीचा ओटा, पॅसेज, जिना इथे आजही दगडाला तोड नाही. कोटा राजस्थानचा, शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली, कडप्पा आंध्रचा. तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. मजबूत, थंड, आणि तुटला तर एक तुकडा बदलता येतो. पण चुनखडीचा आणि ॲसिडचा उभा दावा आहे. भाडेकरू बदलताना डाग काढायला बाजारातले स्वस्त ॲसिड ओतायची सवय सगळीकडे दिसते. या दगडांवर ते फसफसते आणि वरचा थर खाऊन टाकते, पॉलिश जाते. मोझॅक आणि संगमरवराचेही तेच. ग्रॅनाइट त्या मानाने टिकतो.

व्हिट्रिफाइड टाइलला या ॲसिडने फार काही होत नाही. पण टाइलच्या जोडातले सिमेंट विरघळते. जोड मोकळे झाले की पाणी खाली जाते, आणि पुढचा सगळा त्रास तिथून सुरू होतो. म्हणून खोली देतानाच सांगावे की फरशीला साबण, सोडा चालेल, ॲसिड नाही. स्वयंपाकाच्या ओट्याभोवती आणि मोरीत जोड इपॉक्सीने भरून घेतले तर तेल, हळद आणि ॲसिड तिन्ही बाधत नाहीत. इपॉक्सी महाग आहे, पण तेवढ्याच भागापुरते घेतले तर बोजा होत नाही.

मोरी-संडास : भांडणाचे मूळ

फ्लॅटमध्ये सर्वाधिक तंटे गळतीचे. इमारतीच्या बाहेरच्या सामाईक पाइपची आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने बघायची, घरातल्या मोरी-संडासाची सभासदाने, असे सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी सांगतात. म्हणजे भाडेकरू वापरतो, खालचा शेजारी ओरडतो आणि खर्च मालकाच्या अंगावर येतो.

टाइल ही वॉटरप्रूफिंग नव्हे, हे आधी डोक्यात पक्के करावे. पाणी अडवणारा थर टाइलच्या खाली असतो. जुनी टाइल काढली की स्लॅब साफ करून, पाइपाभोवतीच्या फटी भरून वॉटरप्रूफिंगचा थर द्यावा आणि तो भिंतीवरही फूटभर चढवावा. तो वाळला की नाहणी ट्रॅपचे तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी भरून ठेवावे. किमान 24 तास, जमले तर 48. खालच्या घरी जाऊन छत बघावे. कोरडे असेल तरच टाइल लावायला हात घालावा. ही परीक्षा फुकटात होते, तरी घाईत नेमकी हीच राहून जाते.

उतार दर फुटाला एक सूत तरी नाहणीकडे असावा. मोठी दोन बाय दोनची टाइल मोरीत लावली की चारी बाजूंनी उतार देता येत नाही, पाणी कोपऱ्यात साचते. म्हणून मोरीत एक बाय एकची टाइल घ्यावी. मोरीची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा थोडी खाली आणि मध्ये ग्रॅनाइट किंवा कडप्प्याचा उंबरठा असावा.

भिंतीच्या टाइलला पाठीवर पाच ठिकाणी मालाचे गोळे लावून चिकटवण्याची पद्धत अजून चालते. मधे पोकळी राहते, तिथे खिळा मारला की टाइल तडकते. डहाणू-तलासरी भागाला नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. अशा भागात अंगावर पडेल अशी पोकळ टाइल भिंतीवर असूच नये. पूर्ण पाठीला माल किंवा केमिकल लागलेच पाहिजे.

दुकानात फसायची जागा

दोन बाय दोनच्या चार टाइलचा बॉक्स 16 चौरस फुटांचा धरला जातो. पण ही टाइल असते 600 बाय 600 मिलिमीटर. चार टाइल मिळून भरते साधारण 15.5 चौरस फूट. एका खोलीला हा फरक जाणवत नाही. पाच खोल्यांची 900 चौरस फूट जमीन असेल, त्यात तुटफुटीचे 10 टक्के धरले, तर 990 फूट होतात. 16 ने भागले तर 62 बॉक्स, खऱ्या मापाने 64. शेवटच्या दिवशी दोन बॉक्स कमी पडतात, आणि तोवर तो लॉट संपलेला असतो.

लॉटचा मुद्दा मोठा आहे. एकाच डिझाइनची टाइल वेगवेगळ्या भट्टीत थोडी वेगळ्या छटेची निघते. बॉक्सवर बॅच आणि शेड नंबर छापलेला असतो. सगळे बॉक्स एकाच नंबरचे आहेत का, हे गाडीतून उतरवतानाच बघावे. आणि एक बॉक्स जास्तीचा घेऊन माळ्यावर ठेवावा. पाच वर्षांनी नळ दुरुस्त करताना चार टाइल फुटल्या, तर हाच बॉक्स अख्खी खोली वाचवतो.

प्रीमियम, स्टँडर्ड, कमर्शियल असे दर्जे असतात. स्वस्त मालात टाइल वाकडी निघते. दोन टाइल तोंडाला तोंड लावून उभ्या धराव्यात, मधे उजेड दिसला तर वाक आहे. बॉक्सवर आयएस 15622 हा टाइलचा भारतीय मानक क्रमांक बघावा आणि पक्के बिल घ्यावे. बिलावर डिझाइनचे नाव, शेड नंबर आणि दर्जा लिहून घेतला तर पुढे तक्रार करता येते.

बसवताना

व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, म्हणून साध्या सिमेंटला ती नीट धरत नाही. जुने मिस्त्री मोझॅकच्या सवयीने मालाच्या बेडवर सिमेंटचे पाणी ओतून टाइल ठोकतात, आणि हीच टाइल पुढे पोकळ वाजते. सारख्या काँक्रीटवर केमिकलने, म्हणजे टाइल ॲडहेसिव्हने बसवणे चांगले. पिशवीवर आयएस 15477 आणि त्याचा प्रकार वाचून घ्यावा. जुन्या फरशीवर चिकटवायची असेल तर साधा प्रकार चालत नाही, वरचा घ्यावा लागतो.

टाइलला टाइल भिडवून लावू नये. दोन मिलिमीटरचा स्पेसर ठेवावा आणि भिंतीच्या कडेला पाच-सहा मिलिमीटरची जागा सोडावी, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. उन्हाळ्यात फरशी प्रसरण पावते. तिला जागा मिळाली नाही तर मधल्या टाइल तंबूसारख्या उचलल्या जातात. जोड लगेच भरू नयेत, एक दिवस जाऊ द्यावा. शेवटचे पैसे देण्याआधी प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून बघावी.

टाइल कापताना उडणारी धूळही साधी नाही. तिच्यात सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसली की होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने तर ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडावर 1 जुलै 2024 पासून बंदी घातली, ती याच आजारामुळे. बंद खोलीत कोरडा कटर चालवणारा पोरगा बहुतेक वेळा जव्हार-मोखाड्याकडचा किंवा परप्रांतातला रोजंदारीवाला असतो. पाणी मारून, उघड्यावर आणि मास्क लावून कापायला सांगणे हे मालकाचेही काम आहे. त्याला खर्च जवळपास नाहीच.

हिशेब कसा धरावा

समजा, 180 चौरस फुटांची खोली आहे. तुटफूट धरून 200 फूट टाइल लागते. 35 रुपये फुटाची टाइल सोडून 55 ची घेतली तर फरक पडतो 4 हजारांचा. खोलीचे भाडे 4 हजार धरले तर हा एका महिन्याचा प्रश्न आहे. आता खराब फरशी तीन वर्षांत काढावी लागली तर? जुनी तोडायची मजुरी, रॅबिट, नवा माल, मिस्त्री, आणि वर महिनाभर खोली रिकामी. दर इकडेतिकडे होतील, पण हिशेब हाच राहतो. पैसे वाचवायचेच असतील तर डिझाइनवर वाचवावेत. खालचा भराव, मोरीचे वॉटरप्रूफिंग आणि मिस्त्रीची मजुरी या तीन ठिकाणी नाही.

उलट टोकही बरे नाही. 12 वर्षे टिकेल अशी फरशी पुरे असताना संगमरवर घातला म्हणून कामगाराच्या खोलीचे भाडे दुप्पट होत नाही.

भाडेकरूशी आधीच बोला

अकरा महिन्यांचा करार झाला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे तो लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. त्याच वेळी खोलीच्या फरशीचे, मोरीचे आणि जोडांचे फोटो काढून दोघांनी ठेवावेत. रोजच्या वापराने फरशी झिजते, त्याचे पैसे अनामत रकमेतून कापणे योग्य नाही. सिलिंडर आपटून टाइल फोडली, तर ती गोष्ट वेगळी. आधीचा फोटो असला की वाद वाढत नाही. गळती दिसली की लगेच कळवा, कोणी रागावणार नाही, हेही सांगून ठेवावे. खोली काढून घेतील या भीतीने भाडेकरू महिनोन्महिने गप्प बसतो आणि तोवर भिंत ओली होते.

काम कधी काढावे

होळीला आणि मे महिन्यात बरेच कामगार गावी जातात, खोल्या मोकळ्या होतात. भराव, काँक्रीट आणि वॉटरप्रूफिंग वाळायला ऊनही तेव्हाच असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मिस्त्री मिळत नाही, माल भिजतो आणि सगळे घाईत होते. त्यामुळे ज्यांना यंदा खोली करायची आहे त्यांनी मापे फेब्रुवारीतच काढून ठेवावीत, जुनी फरशी ठोकून पोकळ जागांवर खडूने खुणा कराव्यात आणि टाइलच्या दुकानात जाण्याआधी मिस्त्रीला खोली दाखवावी.